व्हीएफडी बदलल्यापासून मोटर जळतेय: अँपिअर ठीक, मेगर ठीक, मग झटका येतो कुठून?

पाना_पक्कड (धागाकर्ता)

मंडळी, डोकं चालेनासं झालं म्हणून धागा काढतोय.

साडेसात किलोवॅटची मोटर आहे, ४१५ व्होल्ट, चार पोल, एक्झॉस्ट पंख्यावर. मोटर गच्चीवर, पॅनेल खाली, मधे साधारण ९० मीटर केबल. वर्षानुवर्षं काही तक्रार नव्हती. मग जुन्या ड्राइव्हने (म्हणजे व्हीएफडी, मोटरचा वेग बदलणारं यंत्र) मान टाकली, त्याच्या जागी नवा बसवला. मोटर तीच, केबल तीच, पंखा तोच. काही महिन्यांत मोटर गेली. भरून (गुंडाळी नव्याने घालून) आणली, जोडली, परत गेली.

चालताना अँपिअर नेमप्लेटच्या खालीच, बॉडी फार तापत नाही, ओव्हरलोडचा ट्रिप कधी नाही. एके दिवशी ड्राइव्ह 'ओव्हरकरंट' दाखवून बसतो आणि मग मोटर उठतच नाही. जोडण्याआधी मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मारला तेव्हा पाचशे मेगाओहमच्या वर होता. मल्टिमीटरने मोटरच्या टर्मिनलवर तिन्ही फेज सारखे. ड्राइव्हवाला म्हणतो मोटर नीट भरलेली नाही, भरणारा म्हणतो ड्राइव्ह झटके मारतोय. दोघांच्या मधे माझं सँडविच.

हे 'झटके' म्हणजे नक्की काय? आणि असतील तर मीटरवर का दिसत नाहीत?

स्टार_डेल्टा

यात गूढ काही नाही. हल्ली भरताना तार हलकी घालतात, वॉर्निश दाखवल्यासारखं करतात, भट्टीत पुरतं सुकवत नाहीत. मोटर डायरेक्ट ऑनलाइन (ड्राइव्हशिवाय, थेट सप्लायवर) लावून बघा, चालते की नाही ते कळेल. आणि पंख्याला ड्राइव्ह हवाच कशाला? डँपर (हवा कमीजास्त करायची झडप) काय वाईट होता?

जुनं_तांबं

काका, दरवेळी भरणाऱ्याच्या डोक्यावर खापर फोडायची ही जुनीच रीत. आधी मोटर उघडल्यावर काय दिसलं ते तर विचारा.

ओव्हरलोडने गेलेली मोटर असेल तर तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडतात, बांधणीची दोरीसुद्धा करपते. एक फेज तुटून गेली असेल तर स्टार जोडणीत दोन फेजचे गट काळे आणि तिसरा कोरा. डेल्टा जोडणीत उलट, एकाच फेजचे गट काळे. बेअरिंग बसून रोटर घासला असेल तर स्टॅम्पिंगवर (गाभ्याच्या लोखंडी पत्र्यांवर) चकाकते ओरखडे दिसतात.

पाना_पक्कड, तुमच्याकडे यातलं काय होतं? आणि लीड जिथे पहिल्या कॉइलला जोडलेली असते ती जागा नीट बघितलीत का?

पाना_पक्कड

यातलं काहीच नाही. गुंडाळी जवळजवळ नवीच दिसते, वॉर्निशचा रंगही बदललेला नाही. फक्त एका फेजच्या लीडपासून पहिल्याच कॉइलमध्ये, तार स्लॉटमधून बाहेर पडते तिथे, दोनेक मिलिमीटरचा तांब्याचा मणी झालाय. भोवतीच्या दोन-तीन तारांचं इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा थर) उडालंय. शेजारच्या तारांवर पांढरट भुकटी आहे, ती मी धूळ समजून पुसणार होतो.

जुनं_तांबं

पुसू नका, फोटो काढून ठेवा. ती धूळ नाही. पहिलीच कॉइल, बाकी मोटर कोरी, आणि पांढरी भुकटी: ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरी उघडल्या की हे चित्र मला पुन्हा पुन्हा दिसतं. तारेला तार भिडून शॉर्ट झालाय, बॉडीशी नाही. म्हणूनच मेगर छान येतो. मेगर तांबं आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन मोजतो. शेजारशेजारच्या वेढ्यांमध्ये काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नसतो. त्यासाठी सर्ज टेस्ट लागते, म्हणजे गुंडाळीत व्होल्टेजचे जलद पल्स सोडून बघणं.

पण असं का होतं ते ड्राइव्हवाल्यांपैकी कोणीतरी नीट सांगा. आमच्याकडे फक्त प्रेत येतं.

नॅनोसेकंद

मी ड्राइव्ह कमिशनिंगमध्ये आहे, तेव्हा आमच्या बाजूचं सांगतो. जरा लांबेल.

ड्राइव्ह आधी आलेल्या एसीचं डीसी करतो. ४१५ व्होल्टला डीसी बस, म्हणजे ड्राइव्हमधला हा डीसीचा साठा, साधारण ५८५ व्होल्टची होते. मग आयजीबीटी (जलद इलेक्ट्रॉनिक स्विच) हेच ५८५ व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा मोटरला जोडतात-तोडतात. मोटरला साइन वेव्ह मिळते असं आपण म्हणतो, पण साइन असतो तो करंट, आणि तोही मोटरच्या इंडक्टन्समुळे. व्होल्टेज म्हणजे उभ्या भिंतींची रांग. एक भिंत चढायला आयजीबीटीला साधारण ०.१ मायक्रोसेकंद लागतो. म्हणजे मायक्रोसेकंदाला पाच हजार व्होल्टच्या आसपासचा चढ.

एवढा उभा चढ केबलमध्ये शिरला की केबल ही नुसती तार राहत नाही. चढ तिच्यातून लाटेसारखा जातो, मायक्रोसेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने. केबलचा सर्ज इम्पिडन्स, म्हणजे अशा लाटेला होणारा विरोध, असतो ८०-१०० ओहमच्या घरात. टोकाला मोटर लागते, तिचा हजारांत असतो. लाटेला पुढे वाटच नाही. वाहत्या पाण्याचा नळ झटकन बंद केला की पाइप ठणकतो, तसंच. लाट परत फिरते, आणि येणारी व परतणारी लाट मोटरच्या टर्मिनलवर एकमेकींवर चढतात. केबल ८० ओहम आणि मोटर २००० ओहम धरली तर ९० टक्क्यांहून जास्त लाट उलटते. ५८५ अधिक तिचे नव्वद टक्के: ११०० व्होल्टच्या वर. आणि हे प्रत्येक पल्सला.

मल्टिमीटर सरासरी काढणारं यंत्र आहे. एक-दोन मायक्रोसेकंदांचं शिखर त्याच्या गावीही नसतं.

विद्युल्लता

एक शंका. ५० हर्ट्झची तरंगलांबी हजारो किलोमीटर असते, म्हणून पॉवर केबलमध्ये परावर्तन धरायचं नाही असं शिकलो होतो. ९० मीटरमध्ये हे कसं घडतं?

नॅनोसेकंद

५० हर्ट्झ विसरा. लाटेला जाऊन यायला लागणारा वेळ आणि चढ पूर्ण व्हायला लागणारा वेळ, एवढी दोनच घड्याळं बघा. लाट परत येईपर्यंत ड्राइव्हकडचा चढ अजून चालूच असेल तर परतलेली लाट त्यात विरून जाते, शिखर छोटं राहतं. चढ आधीच संपला असेल तर जवळजवळ दुप्पट.

म्हणून एक मर्यादा-लांबी निघते: वेग गुणिले चढाचा वेळ, भागिले दोन. १५० गुणिले ०.१ भागिले २ म्हणजे ७.५ मीटर. तेवढ्या केबललाच दुप्पट गाठली जाते. बहुतेकांना वाटतं शंभर-दोनशे मीटरला प्रश्न येतो. तसं नाही. ९० मीटरला दुप्पट होते ती ३० मीटरलाही होतेच; लांबी वाढली की शिखर फारसं वाढत नाही, फक्त थरथर जास्त वेळ टिकते.

स्टार_डेल्टा

हे सगळं खरं मानू. पण मग जुना ड्राइव्ह याच केबलवर, याच मोटरवर इतकी वर्षं कसा चालला? तेव्हा लाटा नव्हत्या का?

नॅनोसेकंद

काका, सगळ्या धाग्यातला हाच खरा प्रश्न आहे.

जुना ड्राइव्ह साध्या बायपोलर ट्रान्झिस्टरचा असणार. १९९० च्या दशकात आयजीबीटी आले तोवर तेच चालायचे. त्यांना ऑन व्हायला मायक्रोसेकंदाच्या आसपास लागायचा. एक मायक्रोसेकंद धरला तर तीच मर्यादा-लांबी ७५ मीटर येते. त्याहून जुन्या जीटीओ (आणखी मंद स्विच) ड्राइव्हला तर आणखी जास्त. म्हणजे तुमची ९० मीटरची केबल जुन्या ड्राइव्हसाठी काठावर होती, नव्यासाठी मर्यादेच्या बारा पट. शिवाय चढ मंद असला की व्होल्टेज गुंडाळीत बऱ्यापैकी सारखं वाटलं जातं, त्यामुळे शिखर आलं तरी एका जागी चावत नाही. कॅरिअर फ्रिक्वेन्सीही (सेकंदाला किती पल्स ते) तेव्हा एक-दोन किलोहर्ट्झ असायची, म्हणून तर मोटरी कर्कश ओरडायच्या.

आयजीबीटी जलद झाले ते ड्राइव्हच्या फायद्यासाठी. स्विचिंगमधला तोटा कमी, हीटसिंक छोटा, डबा छोटा, मोटरचा आवाज कमी. किंमत मोटरचं इनॅमल मोजतं. ड्राइव्ह खराब नाही आणि भरणाराही चोर नाही. नवा ड्राइव्ह जुन्या केबलच्या टोकाला जुन्या मोटरशी जोडताना मधलं काही बदलावं लागतं, हे कोणी सांगितलं नाही, इतकंच.

जुनं_तांबं

पहिलीच कॉइल का जळते ते मी पुरं करतो.

उभा चढ गुंडाळीत शिरला की तो सगळ्या वेढ्यांत एकदम पोचत नाही. पहिल्या कॉइलमध्येच बराचसा अडकतो. चढ फार जलद असेल तर टर्मिनलवरच्या व्होल्टेजचा अर्ध्याहून जास्त हिस्सा त्या एका कॉइलवर पडतो. आणि छोट्या मोटरी आपण भरतो त्या सुट्या तारेच्या, हाताने स्लॉटमध्ये सोडलेल्या. कॉइलचा पहिला वेढा आणि शेवटचा वेढा स्लॉटमध्ये अगदी चिकटून बसलेत की लांब, ते कोणाच्याच हातात नसतं. चिकटून बसले तर त्या कॉइलचं सगळं व्होल्टेज दोन इनॅमलच्या थरांवर आणि मधल्या केसाएवढ्या हवेवर.

इनॅमल एका फटक्यात फुटत नाही, मधली हवा फुटते. वातावरणाच्या दाबाला हवेत कितीही बारीक फट असली तरी ३२५-३३० व्होल्टच्या शिखराखाली ती फुटत नाही. वर गेलं की बारीक ठिणग्या सुरू होतात, यालाच पार्शल डिस्चार्ज म्हणतात. ओझोन तयार होतो, नायट्रोजनची आम्लं तयार होतात, इनॅमल हळूहळू खाल्लं जातं. ती पांढरी भुकटी त्याचीच. एक दिवस तांब्याला तांबं लागतं, तो वेढा स्वतःतच शॉर्ट होतो, त्यात प्रचंड करंट फिरतो आणि मणी होतो.

म्हणून 'क्लास एफऐवजी क्लास एच तार घाला' असं कोणी सांगितलं की मी विचारतो, कशासाठी? क्लास हा तापमानाचा. ठिणग्या त्याला जुमानत नाहीत. ठिणग्यांसाठी इन्व्हर्टर ग्रेड तार वेगळी येते, तिच्या इनॅमलमध्ये धातूंच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात. ती जास्त टिकते. पण कायमची नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

विद्युल्लता

वाचनखूण साठवली. हिशोब करून बघितला: कॅरिअर ४ किलोहर्ट्झ असेल तर एका फेजला तासाला १ कोटी ४४ लाख पल्स. चोवीस तास चालणाऱ्या पंख्याला दिवसाला साडेचौतीस कोटींच्या वर. प्रत्येकाला दोन कडा, एक चढती, एक उतरती.

मग कॅरिअर कमी केला तर शिखर कमी होईल का?

नॅनोसेकंद

शिखर नाही कमी होणार, तडाख्यांची संख्या होईल. ८ वरून २ किलोहर्ट्झ केलं तर एक चतुर्थांश. ठिणग्या होतच असतील तर आयुष्य त्या हिशोबात वाढतं, मोटर मात्र ओरडते. गच्चीवर कोण ऐकायला आहे?

एक दुसराही फायदा आहे. लाटेची थरथर विरायला काही मायक्रोसेकंद लागतात. ती विरायच्या आत पुढचा पल्स आला तर शिखर दुपटीच्या पलीकडे जाऊ शकतं. कॅरिअर कमी असला की असे खेटून येणारे पल्स कमी.

पाना_पक्कड, एक विचारायचं राहिलं. पंखा थांबवताना डिसेलरेशन टाइम (वेग शून्यावर आणायचा वेळ) किती ठेवलाय? आणि ब्रेक रेझिस्टर (थांबताना उलटी येणारी ताकद जाळणारा) आहे का?

पाना_पक्कड

रेझिस्टर नाही. डिसेलरेशन १० सेकंद, कारखान्यातून आलं तसंच. तेवढ्यात तो कधीच थांबत नाही म्हणा, मिनिटभर तरी घेतो. त्याचा इथे काय संबंध?

नॅनोसेकंद

फार जवळचा. पंख्याचं चाक जड, त्याला दहा सेकंदांत थांब म्हटलं की मोटर जनरेटर होते आणि ताकद उलटी डीसी बसमध्ये भरते. बस ५८५ वरून ७५० च्या आसपास चढते. मग ड्राइव्ह ट्रिप टाळण्यासाठी स्वतःच डिसेलरेशन लांबवतो आणि बस तिथेच वर धरून ठेवतो. म्हणून तुमचा पंखा मिनिटभर घेतो. तो सगळा वेळ परावर्तन होतंय ते ७५० चं. त्याची दुप्पट करा.

'स्टॉप मोड'मध्ये जाऊन 'कोस्ट' करा. पंखा आपला आपण थांबेल. थांबण्याची घाई नसेल तर एवढा फुकटचा उपाय दुसरा नाही. मात्र पंखा फिरत असताना परत चालू करायची वेळ येत असेल तर 'फ्लाइंग स्टार्ट' (फिरती मोटर आहे त्या वेगाला पकडण्याची सोय) चालू ठेवा, नाहीतर ओव्हरकरंटवर ट्रिप होईल.

पाना_पक्कड

केलं. आता मोजायचंही आहे. आमच्याकडे ऑसिलोस्कोप आहे, प्रोब साधे.

विद्युल्लता

साधे प्रोब अजिबात लावू नका! साध्या प्रोबची काळी क्लिप स्कोपच्या अर्थला जोडलेली असते. ती ड्राइव्हच्या आउटपुटला लावली की स्कोप, प्रोब आणि कदाचित ड्राइव्ह, सगळंच जाईल. स्कोपचा अर्थ काढून 'फ्लोट' करायचा उद्योग तर मुळीच नको, अख्खी बॉडी जिवंत होते.

हाय व्होल्टेज डिफरन्शियल प्रोब मिळवा, निदान १५०० व्होल्ट शिखराचा, बँडविड्थ ५० मेगाहर्ट्झ तरी. मोजायचं मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये, दोन फेजच्या मधे. ड्राइव्हच्या टोकाला मोजलंत तर सगळं सोवळं दिसेल. टाइमबेस एक-दोन मायक्रोसेकंद प्रति डिव्हिजन, ट्रिगर 'सिंगल'वर, आणि शिखर पकडेपर्यंत ट्रिगरची पातळी वर नेत राहा. जोडण्या सप्लाय बंद करूनच करा. बंद केल्यावरही डीसी बसचे कपॅसिटर भरलेले असतात. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा आणि बस मोजून खात्री करा.

पाना_पक्कड

प्रोब एका ओळखीच्यांकडून मिळाला. बघून धक्काच बसला.

सरळ चालताना शिखर साधारण ११२० व्होल्ट. मुद्दाम एकदा जुनं डिसेलरेशन ठेवून थांबवलं तेव्हा १४०० च्या जरा वर. शिखरानंतर लाट खालीवर थरथरते आणि विरते, एक झोका साधारण २.४ मायक्रोसेकंदांचा. ड्राइव्हच्या टोकाला मात्र स्वच्छ ५९०.

नॅनोसेकंद

२.४ मायक्रोसेकंद! एका झोक्यात लाट केबलची चार वेळा वाट चालते: मोटरकडून उलटते, ड्राइव्हकडून उलट चिन्हाने परत येते, पुन्हा जाते. २.४ भागिले ४ म्हणजे ०.६, गुणिले १५० म्हणजे ९० मीटर. टेप न लावता केबल मोजलीत तुम्ही.

स्टार_डेल्टा

आकडे बघितले. ११२० व्होल्ट म्हणजे जास्तच आहे, मान्य. डँपरचं माझं मत कायम. उपाय काय ते बोला, नुसती थिअरी किती.

नॅनोसेकंद

पहिला उपाय केबल छोटी करणं, पण ७.५ मीटरच्या आत आणायची तर ड्राइव्ह गच्चीवर न्यावा लागेल. ऊन, धूळ, पाऊस यात तो टिकेल असा डबा करावा लागेल. मला पटत नाही.

दुसरा, आउटपुट रिॲक्टर किंवा चोक, म्हणजे ड्राइव्हच्या आउटपुटला लावलेली कॉइल. तो चढ मंद करतो, मधल्या लांब्यांना पुरतो. शिखर नेहमीच पुरेसं उतरतं असं नाही, आणि मोटरला थोडं व्होल्टेज कमी मिळतं.

तिसरा, डीव्ही-डीटी (व्होल्टेज चढण्याचा वेग) फिल्टर. यात रिॲक्टरसोबत कपॅसिटर, रेझिस्टर किंवा डायोड असतात. चढ मायक्रोसेकंदाला पाचशे-हजार व्होल्टच्या आत आणतो आणि शिखर कापतो. तुमच्या ९० मीटरला माझी निवड हीच. बसवायचा ड्राइव्हच्या अगदी जवळ, मोटरजवळ नाही.

चौथा, साइन फिल्टर. मोटरला खरोखर साइन जातं, परावर्तनाचा प्रश्नच मिटतो. शेकडो मीटर केबलवरच्या सबमर्सिबल पंपांना हाच लावतात. आकाराने मोठा, महाग, आणि त्यातही काही व्होल्टेज खर्ची पडतं.

इथे एक खोच आहे, आणि लोक नेमके इथेच आपटतात. साइन फिल्टरला कॅरिअर किमान किती हवा ते ठरलेलं असतं. त्याखाली आणलात तर फिल्टरचा रेझोनन्स जवळ येतो आणि त्याचे कपॅसिटर तापून जातात. डीव्ही-डीटी फिल्टरचं उलट, त्याला कॅरिअरची कमाल मर्यादा असते. म्हणजे 'कॅरिअर कमी करा' हा मी वर दिलेला सल्ला साइन फिल्टर लावल्यावर विष आहे. फिल्टरच्या कागदावर कॅरिअरचा आकडा बघितल्याशिवाय पॅरामीटरला हात लावू नका.

मोटरच्या टोकाला लावायचा आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) टर्मिनेटरही असतो. त्याचा रेझिस्टर केबलच्या इम्पिडन्सशी जुळवलेला, म्हणून लाट तिथेच गिळली जाते. पण तो तापतो, गच्चीवरच्या टर्मिनल बॉक्समध्ये जागा नसते, आणि कधी मेला ते कोणाला कळतही नाही.

विद्युल्लता

शील्डेड केबल घातली तर? आमच्याकडे सगळे तेच सुचवतात.

नॅनोसेकंद

शिखराला तिचा काही उपयोग नाही. शील्डेड केबल ही आवाज, म्हणजे इतर सर्किटमध्ये घुसणारा गोंधळ, रोखायला. उलट तिची कपॅसिटन्स जास्त, त्यामुळे लांब केबलवर छोट्या मोटरला ड्राइव्ह विनाकारण ओव्हरकरंट दाखवू शकतो. साधी पीव्हीसी इन्सुलेशनची असेल आणि बदलायचीच झाली तर एक्सएलपीई इन्सुलेशनची घ्या, असं मात्र म्हणेन.

जुनं_तांबं

आता माझ्या बाजूचं. मोटर परत भरणार असाल तर भरणाऱ्याला नुसतं 'भरून द्या' म्हणू नका, ड्राइव्हवर चालते असं लिहून द्या. मी काय करतो ते सांगतो. इन्व्हर्टर ग्रेड तार. प्रत्येक फेजच्या लीडकडच्या पहिल्या कॉइलला जादा स्लीव्ह. फेज पेपर डोक्याच्या भागात पूर्ण, कापून बचत नाही. वेढे टाकताना तार आडवी जाऊ न देणं, म्हणजे पहिला आणि शेवटचा वेढा शक्यतो भेटत नाहीत. वॉर्निश व्हॅक्यूममध्ये भरलेलं असेल तर उत्तम, कारण हवेची फट भरली की ठिणगीला जागाच उरत नाही. ते जमत नसेल तर दोनदा बुडवून दोनदा भाजणं. शेवटी सर्ज टेस्ट, तिन्ही फेजच्या लाटा एकमेकींवर बसल्या पाहिजेत.

पाना_पक्कड

नवीन मोटरच घ्यायचं चाललंय वरच्या पातळीवर. नेमप्लेटवर काय बघू? सगळेच 'इन्व्हर्टर ड्यूटी' लिहितात.

नॅनोसेकंद

'इन्व्हर्टर ड्यूटी' या दोन शब्दांवर जाऊ नका. कधीकधी त्याचा अर्थ फक्त मागे वेगळा पंखा बसवलाय इतकाच असतो. आकडा मागा.

आयईसी ६००३४-१८-४१ या आंतरराष्ट्रीय मानकात ताणाचे चार वर्ग आहेत, ए ते डी. शिखर बसच्या किती पट ते त्यात धरलंय: ए ला १.१, बी ला १.५, सी ला २, डी ला २.५ पट. फिल्टरशिवाय लांब केबल असेल तर सी च्या खालची मोटर घेऊ नका. अमेरिकन नेमा एमजी १ या मानकात भाग ३० ची साधी मोटर १००० व्होल्ट शिखर आणि किमान २ मायक्रोसेकंदांचा चढ एवढंच सोसते. भाग ३१ ची मोटर रेटेड व्होल्टेजच्या ३.१ पट शिखर, ०.१ मायक्रोसेकंदांच्या चढासह. तुमचे ११२० व्होल्ट भाग ३० च्या बाहेर गेले, बघा.

अवांतर: सिलिकॉन कार्बाइडचे ड्राइव्ह येताहेत, त्यांचा चढ काही दहा नॅनोसेकंदांचा. २० नॅनोसेकंद धरले तर मर्यादा-लांबी दीड मीटर. पॅनेलपासून मोटरपर्यंतची कुठलीही केबल तेव्हा 'लांब'च.

स्टार_डेल्टा

बेअरिंगचं कोणी बोललं नाही. ड्राइव्हवरच्या मोटरींची बेअरिंगं आवाज करतात, उघडली की रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) आडव्या पट्ट्या दिसतात, धुण्याच्या फळीसारख्या. तेही यातलंच का?

नॅनोसेकंद

भावकी तीच, प्रकरण वेगळं. ते कॉमन मोड व्होल्टेज. तिन्ही फेजची बेरीज शून्य होत नाही, ते उरलेलं व्होल्टेज रोटरवर साठतं आणि ग्रीसच्या थरातून बॉडीत उडी मारतं. उपाय म्हणजे शाफ्टला अर्थिंग रिंग, मागच्या बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग, केबलवर फेराइट कोअर. डीव्ही-डीटी फिल्टरने कड मवाळ झाल्यामुळे थोडा आराम पडतो, पण साधा फिल्टर कॉमन मोड काढत नाही. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

पाना_पक्कड

ठरलं ते असं: डीव्ही-डीटी फिल्टर पॅनेलमध्ये, कॅरिअर ४ (फिल्टरची मर्यादा त्याच्या वर आहे, बघितलं), थांबवणं कोस्टवर. फिल्टर लावून मोजलं, शिखर ७८० च्या आसपास आलंय. जुनी मोटर जुनं_तांबं यांच्या यादीप्रमाणे भरायला दिली, ती राखीव म्हणून.

आणखी एक. शेजारच्या युनिटमध्ये एकाच ड्राइव्हवर चार छोटे पंखे आहेत, प्रत्येकाला २५ मीटर केबल. त्यांचं म्हणणं २५ म्हणजे छोटीच.

नॅनोसेकंद

परावर्तनाला प्रत्येक फांदी स्वतंत्र, आणि २५ मीटर आयजीबीटीला छोटी नाहीच. चार्जिंग करंटला (केबलची कपॅसिटन्स भरायला लागणाऱ्या) सगळ्या फांद्यांची बेरीज, म्हणजे १०० मीटर. फिल्टर निवडताना ही बेरीज धरा. प्रत्येक मोटरला वेगळा ओव्हरलोड रिले हवा, कारण ड्राइव्हला चौघींचा मिळून करंट दिसतो, एक जळत असेल तर कळत नाही. पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर जुन्या जोडणीतले मोटरवर राहिले असतील तर आधी काढा. आणि मेगर मारताना ड्राइव्हकडच्या तारा सोडवून मगच मारा.